खुब्याची खानेसुमारी

गेल्या मार्गशीर्षात साताऱ्यास आमच्या शेजारच्या वाड्यात बारसे झाले. पाळण्यातली मुलगी ही त्या वाड्यातल्या मामांची पहिली नात. ती पायाळू, म्हणजे आईच्या पोटात अखेरपर्यंत तिचे डोके वर आणि कटिभाग खाली राहिलेला, आणि म्हणून शस्त्रक्रियेने जन्माला आलेली. नाव ठेवून झाले, घुगऱ्या वाटल्या गेल्या, बायकामंडळी पांगली, तेव्हा मामांची भाची, जी मुलांच्या हाडांची शल्यविशारद आहे, ती बाळाला घेऊन सतरंजीवर बसली. तिने दुपटे सोडले, बाळाचे दोन्ही गुडघे दुमडले, मांड्या हलक्या हाताने बाहेरच्या बाजूस उघडल्या, पुन्हा मिटल्या, आणि एखादा गवई तंबोऱ्याची तार लावताना जसा क्षणभर स्तब्ध होतो तशी ती बोटांच्या टोकांशी काही जाणवते का ते पाहत राहिली. मामांना हे रुचले नाही. तीस वर्षे जिल्ह्याच्या नियोजनाच्या दप्तरात काढलेला, कोणतीही गोष्ट ताळेबंदात बसल्याखेरीज मान्य न करणारा हा माणूस मनाने अत्यंत कोमल आहे. परंतु त्याची कोमलता हिशेबाच्या वाटेने चालते. त्या संध्याकाळी ओसरीवर त्या दोघांचे जे बोलणे झाले, ते मी झोपाळ्यावर बसून ऐकले, आणि ते आपल्या घरोघरीच्या उपयोगाचे वाटल्यामुळे जसे आठवते तसे येथे उतरवून ठेवीत आहे.

मामा : बारशाच्या दिवशी लेकराची ही झडती कशासाठी घेतलीस? पोर धडधाकट आहे, पाय झाडते आहे. सुनेचा चेहरा केवढासा झाला ते पाहिलेस का?

डॉक्टर : पाहिले, आणि तिची समजूतही घातली. बाळाचे खुबे आज जागेवर आहेत. तरी सहाव्या आठवड्यात सोनोग्राफी करून घ्यायला मी तिला सांगितले आहे, कारण बाळ मुलगी आहे, पहिलटकरणीची आहे आणि पायाळू आहे. खुबा निखळण्याच्या विकाराला या तिन्ही गोष्टी आवतण देतात.

मामा : पण हा विकार होतो तरी किती जणांना? पाणीपुरवठा असो, गोवराची साथ असो, शाळांच्या इमारतींची डागडुजी असो, माझ्या मेजावर आलेल्या प्रत्येक मागणीपुढे मी हा एकच प्रश्न ठेवीत आलो. खजिना मर्यादित असतो, आणि आईच्या मनाची शांतीही मर्यादित असते. लाखात एखाद्याला होणाऱ्या दुखण्यासाठी लाखाच्या लाख आयांची झोप उडवणे हा न्याय नव्हे. मला आकडा सांग.

डॉक्टर : सांगते. पण कोणत्या दिवशी मोजू, ते आधी तुम्ही सांगा.

मामा : म्हणजे?

डॉक्टर : इंग्लंडात मँचेस्टरजवळ सॅल्फर्ड म्हणून गाव आहे. तेथे बार्लो नावाच्या शल्यविशारदाने नऊ हजारांवर नवजात बालकांचे खुबे स्वतःच्या हातांनी तपासले आणि 1962 साली आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. जन्मतः दर साठ बालकांत एकाचा खुबा ढिला सापडला. म्हणजे हजारी सोळा-सतरा. त्यांपैकी साठ टक्क्यांहून अधिक बालकांचे खुबे पहिल्या आठवड्यात आपोआप स्थिर झाले, आणि दोन महिने लोटेपर्यंत अठ्ठ्याऐंशी टक्क्यांचे. मागे उरली ती हजारी दीड-दोन. गाव तेच, बालके तीच आणि तपासणारे हातही तेच. पहिल्या दिवशी खानेसुमारी केली तर विकार सामान्य ठरतो, दोन महिन्यांनी केली तर विरळ ठरतो. आणि हीच खानेसुमारी तुम्ही पन्नास वर्षांनी केलीत, तर ज्यांचे खुबे निखळले नव्हते, केवळ ज्यांची उखळी जन्मापासून उथळ राहिली होती, अशी माणसे सांधा झिजून काठी टेकीत आलेली दिसतील. आणि ती तर पहिल्या दोन्ही नोंदींत कोठेच नव्हती.

मामा : तुझ्या या उत्तराने माझीच बाजू बळकट होते. दहांतले जवळजवळ नऊ आपले आपण बरे होणार असतील, तर निसर्गाला त्याचे काम करू द्यावे.

डॉक्टर : तुमच्या बाजूला याहून मोठा पुरावा मीच देते, कारण तो लपवणे अप्रामाणिकपणाचे होईल. ऑस्ट्रियातील ग्राफ या शल्यविशारदाने 1980 साली बालकाचा खुबा सोनोग्राफीने पाहण्याची रीत घालून दिली. 1990च्या दशकात ऑस्ट्रिया आणि जर्मनी या देशांनी प्रत्येक नवजात बालकाची अशी तपासणी करण्याचा दंडक घातला. नॉर्वेमध्ये मात्र सरसकट सोनोग्राफी आणि निवडक सोनोग्राफी यांची मोठ्या प्रमाणावर तुलना झाली, तेव्हा उशिरा उघडकीस येणाऱ्या मुलांच्या संख्येत निर्णायक म्हणावा असा फरक दिसला नाही. अमेरिकेच्या सरकारने नेमलेल्या तज्ज्ञमंडळाने तर 2006 साली असे म्हटले की, सरसकट तपासणीची शिफारस करण्याइतका पुरावा आपल्यापाशी नाही. शिवाय ज्या बालकाला गरज नाही त्याला खुबा जागी धरणारे पट्टे बांधले, किंवा चुकीचे बांधले, तर मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा तुटून नसलेला विकार निर्माण होण्याची भीती असते. म्हणून प्रत्येक घरी यंत्र घेऊन जा असे मी म्हणत नाही.

मामा : मग आपला वाद मिटला.

डॉक्टर : यंत्राचा मिटला, हातांचा नाही. जन्मानंतर आणि पुढे लसीकरणाच्या प्रत्येक खेपेस बाळाच्या मांड्या उघडून पाहण्याला मिनिटभर लागते आणि खर्च शून्य. सोनोग्राफी करावी ती ज्यांच्याविषयी कारण आहे त्यांचीच. आणि ती मुले कोणती हे शोधायला नवे दप्तर उघडण्याची गरज नाही. दिवस भरलेल्या प्रसूतींत शंभरांत तीन-चार बालके कटिभाग खाली असलेली असतात. पोटात अखेरचे महिने गुडघे ताठ ठेवून पाय वर मुडपून बसल्यामुळे त्यांच्या खुब्यावर ताण येतो, आणि शस्त्रक्रियेने जन्मली तरी तो ताण पडून गेलेला असतो. आपल्या भाषेने या मुलांना शतकानुशतके वेगळे नाव देऊन ठेवले आहे. पायाळू कोण, हे गावातली प्रत्येक म्हातारी सांगते. यादी तयार आहे, मामा. आपण ती वापरली मात्र भलत्याच कामासाठी.

(येथे मामा बराच वेळ गप्प राहिले. त्यांची थोरली बहीण आक्का पायाळू होती, हे आम्हा शेजाऱ्यांनाही ठाऊक होते.)

मामा : आक्काकडे लोक उसण उतरवून घ्यायला येत. अमावास्येला, शनिवारी, दाराशी माणसे पालथी पडलेली असत आणि ती त्यांच्या कंबरेला पाय लावीत असे. तू लहान होतीस, तुला आठवणार नाही. ती स्वतः डाव्या पायाने लंगडत असे. जन्मापासूनच तिची चाल तशी, असे आई म्हणे, आणि तेवढ्यावर विषय संपे. चाळिशीनंतर जिना उतरताना ती कठड्याला धरून रडत असे. एवढी माणसे आपली पाठ घेऊन तिच्याकडे आली, पण तुझा पाय का लंगडतो हे तिला कोणी विचारले नाही. मीही विचारले नाही.

डॉक्टर : डावाच पाय का, तेही सांगते. पोटात बहुतेक बालकांची डावी बाजू आईच्या पाठकण्याकडे असते, त्यामुळे डाव्या मांडीला उघडायला जागा कमी मिळते. म्हणून हा विकार उजव्या खुब्यापेक्षा डाव्यात अधिक आढळतो. मुलींत तो मुलांच्या चौपट-पाचपट, कारण प्रसूतीसाठी आईचे सांधे सैल करणारी जी द्रव्ये असतात त्यांचा परिणाम मुलीच्या सांध्यांवर अधिक होतो असे मानतात. आक्कामावशीचे दुखणे हेच होते असे शपथेवर मी सांगू शकत नाही, तिचे क्ष-किरण चित्र कोणी काढलेच नाही. पण ती तुमच्या कोणत्या तक्त्यात होती, मामा?

मामा : कोणत्याच नाही. ती चालत होती, स्वयंपाक करीत होती. चालणाऱ्या माणसाची नोंद अपंगांत होत नसे.

डॉक्टर : म्हणून आपला आकडा लहान दिसतो. आणि आता वेळेचा हिशेब पाहा. पहिल्या काही आठवड्यांत विकार सापडला तर चेकोस्लोव्हाकियातील पाव्हलिक यांनी योजलेले मऊ पट्टे काही आठवडे बांधावे लागतात. बाळ त्यांत पाय झाडते, दूध पिते, आणि बहुसंख्य मुलांचा खुबा त्यानेच नीट बसतो. सहा महिन्यांनंतर पट्ट्यांचा उपयोग कमी होतो. भूल देऊन सांधा बसवावा लागतो आणि कंबरेपासून प्लास्टर घालावे लागते. दीड वर्षानंतर सांधा उघडून, पुष्कळदा हाड कापून वळवावे लागते. आणि विकार उघडकीस केव्हा येतो? मूल पहिली पावले टाकते आणि एका बाजूला झुकते तेव्हा, म्हणजे वर्ष-सव्वा वर्षाने. सोपा उपाय तोवर मुदतबाह्य झालेला असतो.

मामा : मग आपल्याकडे लंगडी मुले गल्लोगल्ली दिसायला हवी होती. तशी दिसत नाहीत, याचे कारण काय?

डॉक्टर : त्याचे काही श्रेय आपल्या बायकांच्या कडेला आहे. मूल कडेवर बसते तेव्हा त्याच्या मांड्या फाकलेल्या आणि गुडघे दुमडलेले असतात. खुब्याचे गोल डोके उखळीत नेमके बसावे अशीच ती स्थिती असते. आफ्रिकेत मूल पाठीशी फाकल्या मांड्यांनी बांधतात, तेथेही हा विकार फार कमी आढळतो. उलट उत्तर अमेरिकेतील नावाहो लोक मुलाला फळीला पाय सरळ करून बांधीत, आणि त्यांच्यात तो पुष्कळ आढळे. जपानने यातून धडा घेतला : बाळाचे पाय सरळ ताणून गुंडाळू नका, अशी मोहीम तेथे 1975 साली देशभर निघाली आणि विकाराचे प्रमाण कित्येक पटींनी उतरले. औषध नाही, यंत्र नाही, केवळ दुपट्याची घडी बदलली. आपल्याकडेही बाळ गच्च गुंडाळून गुडघे जुळवून ठेवण्याची हौस पुष्कळांना असते. छाती-हात हवे तर गुंडाळा, पण कंबरेखाली बाळाला बेडकासारखे पाय मोकळे ठेवू द्या, एवढेच मी प्रत्येक बाळंतिणीला सांगते.

मामा : हे मला पटले, यात खजिन्यातला पैसा जात नाही. परंतु हा प्रश्न तान्ह्या मुलांचा. मोठ्या मुलांचे काय? खेळताना कोण लंगडत नाही? प्रत्येक लंगडणाऱ्या पोराला तुमच्याकडे धाडले तर शाळा ओस पडतील.

डॉक्टर : तीन ते दहा वर्षांच्या मुलांत खुबा अचानक दुखण्याचे सर्वांत सामान्य कारण निरुपद्रवी असते, हे मीच आधी मान्य करते. सर्दी-पडसे होऊन गेल्यावर सांध्याचे अस्तर तात्पुरते सुजते, मूल एक-दोन दिवस पाय टेकीत नाही, आणि आठवडा-दोन आठवड्यांत विश्रांतीने पूर्ण बरे होते. पण याच वेषात दुसरा शत्रू येतो, तो म्हणजे सांध्यात झालेला पू. तो काही दिवसांतच कूर्चा खाऊन टाकतो, म्हणून त्याला रात्रभराचीसुद्धा सवलत देता येत नाही. कोचर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1999 साली या दोहोंतील भेद ओळखण्यासाठी चार खुणा सांगितल्या : 38.5 अंश सेल्सियसवर ताप, पाय जमिनीला टेकवण्यास संपूर्ण नकार, रक्तातील पांढऱ्या पेशी 12,000 हून अधिक, आणि तांबड्या पेशी तळाशी बसण्याचा वेग 40 हून अधिक. यांतल्या पहिल्या दोन खुणा आईला घरीच कळतात. ताप आहे आणि मूल पाय टेकीत नाही, एवढ्या दोन गोष्टी एकत्र दिसल्या की शेकशेगडी बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

मामा : आणि ताप नसेल तर?

डॉक्टर : तर दिवस मोजावेत. चार ते आठ वर्षांचा चपळ मुलगा आठवडेच्या आठवडे अधूनमधून लंगडतो, फारसे दुखत नाही म्हणतो. त्याच्या मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा तुटलेला असू शकतो. लेग, काल्वे आणि पर्थेस या तिघांनी तीन देशांत 1910 साली वेगवेगळे वर्णन केलेला हा विकार. मुलांत तो मुलींच्या चौपट-पाचपट. तो कोठे किती, याची विषमता तुमच्यासारख्या मोजणाऱ्या माणसाला विचारात पाडील. लिव्हरपूल शहरातील गरीब वस्त्यांत तो सधन भागाहून अधिक सापडला. आणि आपल्या पश्चिम किनाऱ्यावर, कर्नाटकातील उडुपीच्या पट्ट्यात, मणिपालच्या डॉक्टरांनी तो लक्षणीय प्रमाणात नोंदवला. विकार एकच, पण कोणत्या जिल्ह्यात विचारले त्यावर उत्तर बदलते. हाड दोन-चार वर्षांत पुन्हा भरते. ते गोल भरावे की चपटे, हे ठरवण्यात वयाचा आणि वेळीच घेतलेल्या काळजीचा मोठा हात असतो.

मामा : पोर आणखी मोठे झाले म्हणजे तरी धोका टळतो ना?

डॉक्टर : तेव्हाच त्याचे सर्वांत फसवे रूप दिसते. मागच्या पावसाळ्यात तेरा वर्षांचा एक अंगाने भारी मुलगा माझ्याकडे आला. तीन महिने त्याचा गुडघा दुखत होता. गुडघ्याला तेल लावले, गुडघ्याचे चित्र काढले, ते निर्दोष निघाले, आणि अभ्यासाचा कंटाळा म्हणून घरी त्याला बोलणीही खावी लागली. मी त्याला निजवून मांडी दुमडली, तर ती आपोआप बाहेरच्या बाजूस वळली. दुखणे खुब्यात होते. खुब्याकडे आणि गुडघ्याकडे जाणारे मज्जातंतू एकाच फांदीचे असल्यामुळे खुब्याची तक्रार कधी कधी गुडघा मांडतो. वाढत्या वयात मांडीच्या हाडाचे डोके वाढीच्या चकतीवरून मागे घसरते. अमेरिकेत 9 ते 16 वर्षांच्या मुलांत याचे प्रमाण लाखात सुमारे 11 नोंदवले गेले आहे. वजन जितके जास्त तितका धोका अधिक, आणि पुष्कळांत पुढेमागे दुसरा खुबाही घसरतो. मूल चालू शकते तोवर एका स्क्रूने डोके आहे तेथे रोखून धरता येते. एखाद्या दिवशी ते पायरीवर घसरले आणि डोके पुरते सुटले, तर मग रक्तपुरवठ्याची शाश्वती देता येत नाही.

मामा : लाखात 11. माझ्या मेजावर हा आकडा आला असता तर मी तो वाचून खाली ठेवला असता.

डॉक्टर : आणि परदेशच्या आकड्यांत न मावणारी आपली दुखणी वेगळीच. हाडांच्या क्षयात मणक्याच्या खालोखाल खुब्याचा क्रम लागतो. महिनोन्महिने बारीक ताप, उतरणारे वजन, आणि झोपेत स्नायू सैल पडताच वेदनेने किंचाळून उठणारे मूल, हे त्याचे चित्र. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेलचा रक्तदोष असलेल्या मुलांत विळ्याच्या आकाराच्या पेशी बारीक रक्तवाहिन्या तुंबवतात, आणि मांडीच्या हाडाचे डोके आतून मरते. प्रत्येक विकार वेगळा मोजलात तर प्रत्येक विरळ दिसेल. पण खुबा एकच आहे, मामा, आणि या सगळ्यांची दारावरची थाप एकच, ती म्हणजे लंगडणे. दुखण्यांच्या नावांनी मोजायचे सोडून लंगडणाऱ्या मुलांनी मोजा, आणि मग याला विरळ म्हणता येते का ते सांगा.

मामा : समज, हजारी एकच धरला. देशात वर्षाला दोन कोटींहून अधिक जन्म. म्हणजे नुसत्या निखळलेल्या खुब्याचीच वर्षाला वीस हजारांवर मुले.

डॉक्टर : त्यांच्यासाठी कागदोपत्री तजवीज आहे. 2013च्या फेब्रुवारीत आपल्याच पालघरहून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला, आणि त्याच्या यादीत जन्मजात दोषांमध्ये खुब्याचा हा विकार नावानिशी घातलेला आहे. प्रसूतीच्या जागी तपासणी, आशाताईंची घरभेट, अंगणवाडीत वर्षातून दोनदा फिरते पथक, सरकारी शाळेत वर्षातून एकदा. अठराव्या वर्षापर्यंतची साखळी हुकुमात लिहिलेली आहे. राहता राहिली बजावणी. आणि बजावणी म्हणजे त्या मिनिटभरात दुपटे सोडून मांड्या उघडून पाहणारा हात.

मामा : मी एक गोष्ट अजूनही सोडणार नाही. तपासा, पण घाबरवू नका. सुनेला आज जे सांगितलेस, ते आधी सांगून मग बाळाला हात लावला असतास तर तिचा चेहरा उतरला नसता.

डॉक्टर : ते माझे चुकले, मामा. तिला मी पुन्हा जाऊन नीट सांगते.

ती आत गेली. मामांनी खुंटीवरच्या कोटातून आपली जुनी टिपणवही काढली, आणि जिच्यात आयुष्यभर पाऊस, पेरण्या आणि खर्च यांची नोंद झाली त्या वहीत नातीचे नाव, जन्मतिथी, ‘पायाळू’ हा शब्द आणि सहा आठवडे पुरे होण्याची तारीख लिहिली. त्या तारखेला ते स्वतः सुनेबरोबर गेले. दोन्ही खुबे निर्दोष निघाले. तपासणी फुकट गेली, असे त्यांच्या तोंडून मी ऐकले नाही, त्यांनी नातीच्या नावापुढे ‘पाहिले, ठीक’ असे लिहिले, आणि खाली एक ओळ मोकळी सोडून आक्काचे नाव लिहिले. तिच्यापुढे लिहिण्यासारखे त्यांच्यापाशी काही नव्हते.

या दोघांच्या वादात मला कोणाचाच पराभव दिसत नाही. अनावश्यक भीती आणि अनावश्यक उपचार यांच्याविरुद्ध मामांचा पहारा असलाच पाहिजे. परंतु विरळपणाची सबब पुढे करून न पाहणे हा अपराध आहे, कारण जे पाहिलेच नाही त्याच्या विरळपणाची ग्वाही देण्याचा अधिकार कोणालाच नाही. म्हणून वाचकांना माझी विनंती एवढीच : आपल्या घरी तान्हे मूल असेल तर त्याचे खुबे तपासले का, हे पुढच्या लसीच्या दिवशी डॉक्टरांना किंवा परिचारिकेला विचारा; मूल पायाळू असेल, किंवा घरात कोणाचा खुबा लहानपणी निखळलेला असेल, तर ते आपण होऊन सांगा; वाढत्या मुलाचा गुडघा दुखत असेल तर खुबाही पाहायला सांगा; आणि कोणत्याही वयाचे मूल आठवड्याहून अधिक लंगडले, तर ही त्याची चालच आहे असे म्हणून विषय संपवू नका.